पहाटेची पांढरी बाटली

पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी जंगल घेतलं आणि मी शहरातला तलाव. "तिथं काय परिसंस्था असणार?" हे मी बरेचदा ऐकलं. खरं तर ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ साली 'इकोसिस्टिम' (परिसंस्था, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर मिळून झालेली व्यवस्था) हा शब्द पहिल्यांदा छापून आणला, त्याच लेखात माणसानं घडवलेल्या परिसंस्थाही अभ्यासाच्या कक्षेत घ्यायला हव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही शहरांचा दीर्घकालीन अभ्यास म्हणून गाजलेले अमेरिकेतल्या बाल्टिमोर आणि फिनिक्स इथले प्रकल्प सुरू व्हायला १९९७ साल उजाडलं.

माझा प्रश्न साधा होता. या तलावात अधूनमधून सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसायचे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी पडत असणार, असा माझा अंदाज होता. मी आठवड्यातून दोनदा साधारण अकरा वाजता जाऊन नमुने घ्यायचे. तीन महिने मोजलं आणि आकडे उलटेच आले. पंचवीस अंश तापमानाचं गोडं पाणी हवेतून लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवतं. माझे आकडे बहुतेकदा त्याच्याही वर. कागदावर तलाव उत्तम होता आणि मासे मात्र मरत होते. मी रसायनं बदलली, बाटल्या बदलल्या, एकदा तर सगळं अनुमापन, म्हणजे थेंबाथेंबानं रसायन घालून ऑक्सिजन मोजायचं काम, पुन्हा केलं.

कोडं सोडवलं तलावाच्या रखवालदार काकांनी. एक दिवस ते म्हणाले, "ताई, तुम्ही ऊन वर आल्यावर येता. मासे तोंड वर काढतात ते उजाडायच्या आत. तेव्हा या की."

शेवाळानं हिरव्या झालेल्या पाण्यात दिवसभर प्रकाशसंश्लेषण चालतं, म्हणून दुपारी ऑक्सिजन भरपूर असतो. रात्री तेच शेवाळ, जिवाणू आणि तळाचा गाळ ऑक्सिजन वापरत राहतात, भर मात्र जवळजवळ पडत नाही. सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे सूर्योदयाच्या जरा आधीची. हे पाठ्यपुस्तकात होतं आणि परीक्षेत मी लिहिलंही होतं. तरी माझे सगळे नमुने दिवसाचे होते, कारण प्रयोगशाळा दहाला उघडायची. नमुना कधी घ्यायचा हे तलावानं नाही, कुलपानं ठरवलं होतं.

रात्रीच्या कामाची परवानगी मिळवण्यात सहा आठवडे गेले. सोबत दुसरी व्यक्ती हवी, सुरक्षा विभागाचं पत्र हवं, तलाव ज्यांच्या ताब्यात त्या कार्यालयाची सही हवी. एका टेबलावरून अर्ज दोनदा परत आला, कारण 'पहाटे पाच' ही वेळ त्यांच्या छापील नमुन्यात बसत नव्हती. माझ्या मार्गदर्शक मॅडम स्वतः जाऊन बसल्या, तेव्हा तो पुढे सरकला.

पहिली पहाट मला अजून लख्ख आठवते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत १८८८ सालची, पण अजूनही भरवशाची. काठोकाठ भरलेल्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा राहू न देता आधी मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कधर्मी आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. दुपारच्या बाटल्या गडद तपकिरी व्हायच्या. त्या पहाटे टॉर्चच्या उजेडात बाटली उलटसुलट केली आणि साका पांढराच राहिला. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाही. काका शेजारी उभे होते. मी त्यांना बाटली दाखवली आणि कितीतरी वेळ आम्ही दोघं काहीच बोललो नाही.

आता प्रबंध झालाच, असं वाटलं. पण प्रगती-सादरीकरणात एका प्राध्यापकांनी विचारलं, "तलाव किती?" एक. बाटल्या चाळीस, पण तलाव एकच. एकाच जागेचे अनेक नमुने स्वतंत्र नमुने म्हणून मोजणं, याला 'सूडोरेप्लिकेशन' म्हणतात. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली हे नाव दिलं. एकाच तलावाच्या चाळीस बाटल्या त्या तलावाबद्दल बरंच सांगतात, 'शहरी तलावां'बद्दल काहीच नाही. ऐकताना राग आला होता. घरी जाऊन वही उघडली तेव्हा पटलं.

मुदत वाढवून घेतली आणि आठ तलाव निवडले. काठामुळे ऑक्सिजनमध्ये फरक पडतो का हेही बघायचं होतं, म्हणून चारांच्या कडेनं दगडी भिंत, चारांच्या काठाला चिखल आणि पाणवनस्पती. पाळीपाळीनं प्रत्येक ठिकाणी चोवीस तास, दर तीन तासांनी नमुना. दोन मैत्रिणींनी झोपा मोडून साथ दिली नसती तर हे जमलं नसतं.

भिंतीमुळेच ऑक्सिजन घसरतो, असं मी लिहू शकले नाही. आठ तलाव त्यासाठी थोडे होते. शिवाय भिंतीचे तलाव वस्तीत खोलवर होते, त्यामुळे सांडपाण्याचा परिणाम वेगळा काढता येईना. ही मर्यादा मी तशीच्या तशी लिहिली. मात्र आठही तलावांत दिवसाचा एकच आकडा फसवा ठरला, हे ठामपणे लिहिता आलं. आणखी एक गोष्ट मी आग्रहानं मांडली. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळात लोहाला धरून राहिलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो आणि पुन्हा शेवाळाला पोसतो. म्हणून नुसतं वरचं शेवाळ काढून तलाव सुधारत नाही. येणारं सांडपाणी थांबवलं तरी गाळातला जुना साठा बराच काळ पुरतो.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी सगळ्यांत जास्त वेळ मर्यादांच्या प्रकरणावर घेतला. कोणता तलाव का निवडला, कोणता का वगळला, एकेक विचारत गेले. उत्तरं देताना मला भीती वाटली नाही. त्या प्रत्येक काठावर मी अख्खी रात्र बसले होते.

प्रबंधाची एक प्रत मी काकांना नेऊन दिली. त्यांनी आलेखाचं पान उघडून पहाटेच्या बिंदूवर बोट ठेवलं. आमच्या विभागाच्या क्षेत्रकार्याच्या अर्जात आता 'नमुना घेण्याची वेळ आणि कारण' असा एक रकाना आहे.