कट्कट सापडली, आणि नाणेघाटाचा बेत फिरला

मंडळी, माझ्या सायकलची कट्कट कुठून येते ते सापडलं! बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो ती बेअरिंगं) नव्हती, पेडल नव्हतं, सीटपोस्ट (सीटची दांडी) तर नव्हतीच. डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा डिरेलर फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो छोटा तुकडा!

मागचे भाग वाचलेल्यांना ही कट्कट पाठ झाली असेल. सपाटीला चिडीचूप, पण ठाण्यात उपवन मागे टाकून येऊरच्या चढाला जोर लावला की पेडलच्या तालावर 'टक्, टक्'. दुकानात नेली की आवाज गायब, कारण दुकानासमोर चढ नाही. "बीबी गेली, बदला" हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. ती बदललीही. पैसे गेले, आवाज जागच्या जागी. वर ऐकवलं काय, तर "बसेल हळूहळू". अहो, नवी बीबी पहिल्या दिवसापासून मुकी असायला हवी! बीबीचे कप (फ्रेममध्ये आवळायच्या वाट्या) ३५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळलेत का, हे विचारल्यावर तिथे टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) होता तो खुंटीवर, आणि त्यावर धूळ. असो.

शनिवारी पहाटे मावसभाऊ आणि मी निघालो. माजिवडा, रांजणोली नाका, कोनगाव, दुर्गाडी, शहाड. उजाडायच्या आत कल्याण पार केलं नाही तर तो टप्पा म्हणजे निव्वळ धूर. म्हारळ, कांब्यानंतर रायत्याच्या पुलावर उल्हास ओलांडली आणि पहिल्यांदा मोकळा श्वास आला. बेत साधा होता: पॅनियर (कॅरिअरला लटकवायच्या बॅगा) लादून नाणेघाटाच्या पायथ्याचं वैशाखरे, तिथे मुक्काम, रविवारी सकाळी नाणेघाट चढून उतरायचं आणि जमलं तर दुपारी सायकलने माळशेज.

गंमत मुरबाडच्या अलीकडेच सुरू झाली. एरवी जिथे आवाज येत नाही, अशा किरकोळ उठावांवरही टक्टक. सरळगाव, टोकावडे करत जाताना तर अखंड. मावसभाऊ मागून ओरडला, "दादा, तुझी बीबी!" पण माझं डोकं भलतीकडेच चालू झालं. बदल फक्त एकच होता, कॅरिअरवरचं ओझं. मागच्या कॅरिअरवर बटाटे ठेवले काय नि दगड ठेवले काय, बीबीला त्याचं सोयरसुतक नसतं. म्हणजे दुखणं मागे आहे.

वैशाखऱ्यात ज्यांच्याकडे उतरलो त्या काकांच्या अंगणात हेडलॅम्प लावून बसलो. आधी पॅनियर उतरवून महामार्गावरच्या चढाला एक फेरी: आवाज कमी, पण आहे. मग कॅरिअरच काढून टाकला, तरी आहे. उभं राहून पेडल मारून सीटपोस्ट, मावसभावाची पेडलं लावून पेडलं, आणि चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चकतीचे) बोल्ट पुसून-आवळून चेनरिंग, हे सगळं येऊरला आधीच बाद झालं होतं. राहिलं मागचं चाक. क्विक रिलीज (चाक पटकन काढायची कळ) उघडली, एक्सलची (चाकाच्या आसाची) टोकं पुसली, नेहमीपेक्षा जरा घट्ट मिटली आणि फेरी मारली, तर 'टक्'चं 'टिक्' झालं! एवढ्यावर मी अंगणात नाचलो. काकू दारातून बघत होत्या, त्यांचं काय मत झालं असेल ते असो.

तिथे उरतो फक्त हँगर. दोन बारके बोल्ट, चारची अ‍ॅलन की. सुटा केला तर फ्रेम आणि हँगर यांच्यामध्ये काळा लेप: पावसाळ्यातली माती आणि घासून झालेली अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. दर दाबाला चेन मागच्या उजव्या टोकाला ओढते, तिथे दोन कोरडे धातू केसभर सरकतात आणि आवाज फ्रेमच्या नळ्यांमधून थेट क्रँकपाशी (पेडलच्या दांड्यापाशी) येऊन वाजतो. पेडलच्या तालावर येतो म्हणून सगळे क्रँकवर संशय घेतात. काकांनी ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा आणून दिला. बोटभर काय, नखभर पुरलं. रात्री चढावर शेवटची फेरी मारली, तेव्हा फक्त चेनची सळसळ ऐकू येत होती. माझ्या कपाटातलं महागडं सायकल-ग्रीस यापुढे कुणाला हवं असेल तर सांगा.

रविवारी सायकली काकांकडे ठेवून पायी निघालो. खालचं रान, मग खडकाळ चढ आणि शेवटी ती दगडी फरसबंदी. वर गुहेत ब्राह्मी लेखासमोर बसलो. सातवाहनांची राणी नागणिका, यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे, मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्तींची उरलेली फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं. पलीकडे जकातीचा रांजण. आणि तिथेच किडा वळवळला: या वाटेने लादलेले बैल चढायचे, मग माझी सायकल का नाही?

माळशेज त्याच क्षणी रद्द. उतरताना सगळं लक्ष वाटेच्या रुंदीवर. शेवटची नाळ (कड्यांमधली अरुंद घळ) आणि रेलिंगचा भाग अडचणीचा आहे, पण सायकल खांद्यावर उभी धरली तर जाईल. नवा बेत असा: सायकल घेऊन नाणेघाट चढायचा, वर घाटघर (जीवधनखालचं, भंडारदऱ्याचं नव्हे), जुन्नरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी गणेशखिंड, मढ, खुबी फाटा आणि माळशेजने खाली. पॅनियर बाद, पाठीवर सॅक. बाटल्यांचे पिंजरे काढायचे, म्हणजे फ्रेमचा त्रिकोण खांद्यात नीट बसेल. पेडलंही काढायची, डाव्याचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवून. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणाऱ्या तळाचे) बूट त्या खडकावर चालणार नाहीत, साधेच घालायचे.

आता लिहिताना वाटतंय, उलटं केलं तर? माळशेज चढून नाणेघाटाने उतरायचं? नको. सायकल खांद्यावर असताना उतारावर पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, आणि वर येणारी रविवारची गर्दी अंगावर. चढच बरा, आणि तोही पहाटेच.

त्याआधी एक काम. हँगर फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम मऊ केलेला असतो. खडकावर डिरेलर आपटला की तोच आधी वाकणार, आणि प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, त्यामुळे जुन्नरला मिळायचा प्रश्नच नाही. सायकल घेतानाच दुकानदाराकडून एक जादा मागून ठेवा, नवे असाल तर हे आधी करा. माझ्या फ्रेमचा सध्या ठाण्यात कुणाकडे नाही, मागवलाय. तो आला की तारीख टाकतो. खांद्याला पॅड लावून कुणी सायकल वाहिली असेल तर सांगा, फोमचा तुकडा पुरतो की शिवूनच घ्यावा?