आडवी नदी

शाळेचा महोत्सव आहे, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला. घंटा, छडी, गॅदरिंग आणि डब्यातली लोणच्याची फोड यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मी लिहिणार आहे ते भूगोलाच्या सरांच्या एका तासाबद्दल, कारण माझी पुढची सगळी नोकरी त्या तासाच्या आसपासच गेली.

आठवीत नद्यांचा धडा होता. नदीकाठी संस्कृती वाढल्या, नद्या म्हणजे निसर्गाने दिलेले रस्ते, नाईलचा उगम शोधत निघालेला स्पीक १८५८ साली व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोचला, वगैरे. सरांनी धडा वाचून पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आता सांगा, आपल्या मलप्रभेतून कुणाचा माल कुठं गेला?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "माल नाही सर, खरं म्हशी जातात की." सगळे खो खो हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर बोललास. जातात, खरं आडव्या जातात."

मग पुस्तक बाजूला पडलं आणि फळ्यावर आमचा बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका आला. आपल्या नद्या पावसाळ्यात अंगावर येतात आणि उन्हाळ्यात गुडघाभर होतात. वाटेत खडक, उड्या, घळी. गोकाकला घटप्रभा एकदम १७० फूट खाली पडते, तिथं नाव चालवणार कोण? म्हणून आपल्याकडे नदीच्या लांबीने कुणी प्रवास केला नाही, तिला पार केलं. गाव कुठं वसलं हे बघायचं तर नदीला उतार कुठं आहे ते आधी शोधा, असं सर सांगत. जिथं बैलगाडी चाक न बुडता पलीकडे जाते तिथं वाट येते, वाटेवर बाजार बसतो, बाजारामागून देऊळ किंवा देवळामागून बाजार. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या गाड्या मार्गशीर्षात आणि माघात निघतात, श्रावणात नाही. त्याला धर्मशास्त्रातली कारणं असतील ती असोत, माझ्या मते निम्मं कारण मलप्रभेच्या उताराला आहे.

आमच्या पश्चिमेकडच्या गावांत तर उतारही नाही. गवाळी, कोंगळा, पास्तोली ही भीमगडच्या रानातली गावं. तिथं पावसाळ्याच्या तोंडाशी गाव एकत्र होऊन साकव घालतं. दोन काठांवरच्या झाडांना धरून लाकडं, बांबू आणि वेली. एखाद्या पुरात तो वाहून गेला की आजारी माणसाला पलीकडे नेणं मुश्किल. याच्या उलट माझ्या मामाचं गाव दूधगंगेच्या काठी, सदलग्याच्या बाजूला, सगळा उसाचा मुलूख. तिथं गुऱ्हाळातली काहिल नदीत सोडत. रस आटवायची ती लोखंडी पसरट कढई. चौघं-पाचजण उकिडवे बसायचे आणि एकजण वल्हवायचा. काहिलीला ना नाळ ना सुकाणू, त्यामुळे ती जागच्या जागी गरगरायची आणि मामी डोळे मिटून नृसिंहवाडीच्या दत्ताचा धावा करायची. भोपळ्याची सांगड, म्हणजे सुके भोपळे बांधून केलेला तराफा, मी पाहिली नाही, आजोबांकडून ऐकली. आपल्या भागातलं जलवाहतुकीचं तंत्रज्ञान साधारण एवढंच.

ही आडवी नदी लढाईतही किती महत्त्वाची, ते मी नंतर वाचलं. धोंडिया वाघ या बंडखोराचा पाठलाग करत आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूवाला ड्यूक झाला तो, आपल्याच भागात आला होता. ३० जुलै १८०० रोजी मनोळीजवळ मलप्रभेच्या काठी त्याने धोंडियाचा तळ गाठला. मागे भरलेली नदी, पुढे इंग्रजी घोडदळ. किती माणसं त्या पाण्यात गेली. पुढच्याच वर्षी वेलस्लीने मराठी मुलखातल्या लढाईबद्दल टिपण लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं की या मुलखात मोहीम काढायची तर नद्या भरलेल्या असतानाच काढावी. मराठ्यांच्या घोड्यांना तेव्हा उतार सापडत नाही आणि आपल्याजवळ कातड्याने मढवलेल्या टोपल्यांच्या नावा असतात. आमच्या सरांचंच म्हणणं परक्या माणसाने दुष्ट बाजूने मांडलेलं. सरांना हे सांगायचं राहून गेलं.

सहल गेली कणकुंबीला. सर म्हणाले, नाईलचा उगम त्यांना शोधू दे, आपण आपल्या मलप्रभेचा बघू. जांबोटीपर्यंत बसमध्ये गाणी चालली होती, पुढं धुकं लागलं आणि निम्मी पोरं ओकली. माउली देवीचं दर्शन झालं, रामेश्वराच्या देवळातलं कुंड बघितलं. मुलींना ते फार लहान वाटलं. एवढ्याशा पाण्याची तीनशे किलोमीटरची नदी होऊन ती कुडलसंगमाला कृष्णेत मिळते, हे काही पटेना. पण सरांना दाखवायचं होतं ते वेगळंच. त्यांनी आम्हाला देगावच्या दिशेचे डोंगर दाखवले. तिकडं म्हादई उगवते. इथला पाऊस डोंगराच्या या अंगाला पडला तर मलप्रभेतून कृष्णेत आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जातो. त्या अंगाला पडला तर म्हादईतून पणजीला अरबी समुद्रात. आम्ही तिथं उभ्या उभ्या एक अत्यंत अशास्त्रीय प्रयोग केला, त्याचं वर्णन शाळेच्या स्मरणिकेत करता येत नाही.

खानापूरची बरीच पोरं पोटासाठी गोव्याला उतरतात, तसा मीही उतरलो. मांडवीकाठच्या एका बार्जवाल्याच्या हपिसात कारकून झालो आणि पहिल्यांदा उभी नदी पाहिली. सत्तरीतून येईपर्यंत जी म्हादई दगडांतून आपटत येते, तीच खाली भरती-ओहोटीच्या टापूत आली की मांडवी होते आणि लोखंडाच्या मातीने भरलेले दीड-दोन हजार टनांचे बार्ज मुरगावकडे नेते. कुंभारजुव्याच्या कालव्याने ती झुवारीला जोडलेली, म्हणजे पावसाळ्यात समुद्राच्या तोंडाशी न जाता आतल्या आत वाट. जुलै १९८६ मध्ये मांडवीचा पूल कोसळला तेव्हा सगळं गाव फेरीबोटीवर आलं आणि कुणाचं फारसं अडलं नाही. आमच्या गवाळीचा साकव गेला असता तर?

आपल्या वरच्या लोकांनी समुद्र गाठला तो नदीने नाही, घाटाने. बेळगावचा माल रामघाटाने, पुढे आंबोलीने वेंगुर्ल्याला जायचा; परतताना गाड्यांतून मीठ, नारळ, सुकी मासळी. १८८० च्या दशकात लोंढ्याकडून रेल्वे आली आणि वेंगुर्ल्याचं बंदर हळूहळू ओस पडलं. पण वस्ती म्हणाल तर ती या सगळ्याच्या फार आधीची. रॉबर्ट ब्रूस फूट हा भूगर्भ खात्याचा माणूस. त्याने १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला आदिमानवाचं दगडी हत्यार ओळखलं. नंतर आपल्या दक्षिण मराठा मुलखाचं सर्वेक्षण करताना त्याला मलप्रभेच्या खोऱ्यातही तशी हत्यारं मिळाली. म्हणजे कदंबांनी हलशीला राजधानी करण्याच्या हजारो वर्षं आधी इथं पाण्याला कुणीतरी येत होतं. खानापूरचे कौल आणि मडकी ज्या मातीची, तीही नदीनेच आणून टाकलेली.

आता त्याच डोंगरावर म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचं भांडण आहे. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं ३.९ मलप्रभेकडे वळवायला. निसर्गाने पश्चिमेला सोडलेलं पाणी माणूस पूर्वेला वळवणार. पणजीत मला विचारतात, तुम्ही कुणाच्या बाजूचे? खानापुरात आलो की तेच विचारतात. पगार खाल्ला खालच्या पाण्याचा, लहानाचा मोठा झालो वरच्या. मी चहा मागवतो.

शाळेला माझी एक विनंती आहे. महोत्सवाच्या निमित्ताने आठवी-नववीच्या मुलांनी तालुक्यातल्या साकवांची आणि जुन्या उतारांची नोंद करावी. कुठला उतार कुठल्या महिन्यात बंद होतो, साकव कुठल्या लाकडाचा, कोण बांधतं, कुठं पूल झाल्यावर जुनी वाट मोडली, हे सगळं. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तरी निम्मं काम होईल. नकाशाचा कागद, छपाई आणि कणकुंबीच्या बसचं भाडं माझ्याकडे. बसमध्ये पोरं ओकणार, तेवढ्या पिशव्या मात्र शाळेने घ्याव्यात.