मास बरोबर, रिंग गायब

आजची नोंद आयसोक्झॅझोलची, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी-शेजारी असलेल्या पाच अणूंच्या रिंगची. मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूचा भार मोजणाऱ्या चाचणीत, हवा तो आकडा दिसला की आपण निर्धास्त होतो, आणि या रिंगच्या बाबतीत नेमकी तिथेच फसगत होते.

लेफ्लुनोमाइड या संधिवातावरच्या औषधाचं शेवटचं कपलिंग (दोन तुकडे जोडण्याची पायरी) घ्या: ५-मिथाइलआयसोक्झॅझोल-४-कार्बोनिल क्लोराइड आणि ४-ट्रायफ्लुओरोमिथाइलअ‍ॅनिलीन. रिंगमधल्या ३ क्रमांकाच्या कार्बनवर हायड्रोजन आहे. बेस (आम्लारी) जास्त झाला की तो प्रोटॉन जातो, नायट्रोजन-ऑक्सिजन बंध तुटतो आणि हाती येतो नायट्राइल (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंध) असलेला इनॉल (दुहेरी बंधाच्या कार्बनवर ओएच गट), म्हणजे टेरिफ्लुनोमाइड. दोघांचं रेणुसूत्र एकच, रेणुभार २७०.२. शरीरातही हेच घडतं आणि औषधाचं काम हा उघडलेला रेणूच करतो, पण फ्लास्कमध्ये तो अशुद्धीच.

त्यामुळे मासवर विसंबू नये. आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) २२२० सेमी⁻¹ च्या आसपास नायट्राइलचं टोक येतंय का, ते आधी बघावं. डीएमएसओ या द्रावकात घेतलेल्या प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनच्या जागा दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) ९ पीपीएमजवळचा रिंगच्या हायड्रोजनचा सिंग्लेट (एकेरी टोक) नाहीसा होतो आणि मिथाइल २.७ वरून २.२ कडे सरकतो. शिवाय हा इनॉल चांगलाच आम्लधर्मी, त्यामुळे बायकार्बोनेटच्या धुण्यात तो पाण्याच्या थरात उतरतो. तो थर आम्ल करून तपासल्याशिवाय टाकू नये.

ट्रायइथाइलअमीन सढळ हाताने ओतणं मला अजिबात पसंत नाही. ०–५ अंशांवर अ‍ॅसिड क्लोराइड थेंबाथेंबाने सोडावं. बेस म्हणून अ‍ॅनिलीनचाच दुसरा इक्विव्हॅलंट (तेवढेच मोल आणखी) किंवा बायकार्बोनेटचं द्रावण पुरतं. त्याआधी एस्टरपासून आम्ल बनवणाऱ्या हायड्रोलिसिसलाही सोडियम हायड्रॉक्साइड नकोच. आम्लात रिफ्लक्स करावं (उकळत ठेवावं).

बेंझीन रिंग जोडलेल्या १,२-बेंझआयसोक्झॅझोलची गतही तीच. ३ क्रमांकावर नुसता हायड्रोजन असला की बेसने रिंग उघडून सॅलिसिलोनायट्राइल. तिथे मिथाइल असेल तर ही वाट बंद होते. पण पॅलेडियम-कार्बनवर हायड्रोजनने बेंझिल गट काढताना आयसोक्झॅझोलचा नायट्रोजन-ऑक्सिजन बंध तरीही तुटू शकतो. तेव्हा दोन हायड्रोजन जोडले गेल्याने निदान मास २ ने वाढतो, म्हणून लवकर कळतं.

रिंग उघडण्याचा सर्वांत अवघड प्रकार मात्र दुसऱ्याच रिंगचा, दोन नायट्रोजन असलेल्या पिरिमिडीनचा. ६-ब्रोमो-४-फेनिलपिरिमिडीनवर द्रव अमोनियात पोटॅशियम अमाइड टाकलं की ब्रोमीनच्या जागी अमिनो येतो, साधं प्रतिस्थापन वाटतं. डच रसायनशास्त्रज्ञ व्हॅन डर प्लास यांनी रिंगमधल्या नायट्रोजनवर नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड समस्थानिक) ची खूण केली, तेव्हा ती बाहेरच्या अमिनो गटात सापडली. रिंग उघडून पुन्हा मिटली होती.