फोर बाय टू की ऑल व्हील? माझा गाडी निवडण्याचा अनुभव

पाऊस नुकताच थांबला होता. वळणाचा उतार होता, वेग फार नव्हता. मी ब्रेक दाबला तसा पायाखाली पेडल थरथरलं आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच सरकत राहिली. कडेच्या गवतात दोन चाकं गेली तेव्हा कुठे थांबली. मागच्या सीटवर आई होती. ती काही बोलली नाही, नुसती पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसली होती. त्या रात्री मी ठरवून टाकलं, आता घ्यायची ती ऑल व्हील ड्राइव्हच, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी गाडी.

गाडी बदलायची हे तसं आधीच ठरलं होतं. आमच्या घराकडे शेवटचा तुकडा कच्च्या रस्त्याचा आहे. सुटी खडी, मधे पाण्याने पडलेली घळ आणि चांगलाच उभा चढ. जुनी छोटी गाडी ओल्या दिवसात तिथे अर्ध्यावर अडायची. मी एकटी असले तर खाली गाडी लावून चालत जाते. आईला गुडघ्यांमुळे तो चढ चढवत नाही, म्हणून गाडी दारापर्यंत जाणं ही आमच्याकडे चैन नाही, गरज आहे.

दादाला फोन केला. तो बरीच वर्षं जुन्या पद्धतीची, लिव्हर ओढली की चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर चालवतो. तो लगेच म्हणाला, "फोर बाय फोरच घे गं, विचार कसला करतेस?" रॅलीचंही उदाहरण दिलं. 1980 मध्ये ऑडी क्वात्रो आली, 1982 मध्ये ऑडीने जागतिक रॅलीत उत्पादकांचं अजिंक्यपद मिळवलं आणि पुढच्या काही वर्षांत चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांपुढे बाकीच्यांचा टिकाव लागेना. शोरूममधल्या विक्रेत्याने तर पुढे जाऊन सांगितलं, "मॅडम, ऑल व्हील घेतलीत की ओल्या रस्त्यावर ब्रेकसुद्धा चांगला लागतो." माझं मन तिथेच पक्कं झालं होतं, कारण मला ऐकायचं होतं तेच तो सांगत होता.

ते मोडलं आमच्या गॅरेजवाल्या काकांनी. गवतात गेलेली गाडी तपासायला नेली तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, गाडी थांबवायला इंजिन लागत नाही. ब्रेक तुमच्या आत्ताच्या गाडीलाही चारही चाकांना आहेत." मग त्यांनी मला पुढच्या चाकाशी खाली बसवलं आणि टायरच्या खाचेत बोट घालायला सांगितलं. खाचांच्या तळाशी रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. खाच 1.6 मिलिमीटर उरली की त्या पट्ट्या टायरच्या पृष्ठभागाशी सपाट होतात. माझ्या टायरवर त्या बोटाला वेगळ्या लागतच नव्हत्या. टायर पार गोटा झाला होता. मग त्यांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले: 1114. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 2014 चा 11वा आठवडा. रबर जुनं झालं की कडक होतं, पकड जाते. इतकी वर्षं मी त्या टायरांवर आईला घेऊन फिरत होते, हे कळल्यावर पोटात खड्डा पडला.

तिथून माझा विचार बदलला. उतारावर घसरले तो प्रश्न टायरचा होता. चढावर अडते तो प्रश्न ताकद कुठल्या चाकांना मिळते याचा. भीतीच्या भरात मी दोन्ही प्रश्न एकात बांधले होते आणि एका महागड्या यंत्राकडून दोन्हींचं उत्तर मागत होते. दादाला हे सांगितलं तेव्हा त्यालाही पटलं: रॅलीवाले चारही चाकांना ताकद देतात हे खरं, पण बर्फ, माती, डांबर यांसाठी टायरही वेगवेगळे लावतात.

आता चढाकडे वळू, कारण खरी निवड तिथेच होती. फोर बाय टू म्हणजे चारपैकी दोनच चाकांना ताकद. बहुतेक अशा एसयूव्हींमध्ये ती पुढच्या दोन चाकांना असते. सपाट रस्त्यावर ते सोयीचं, कारण इंजिनचं वजन त्याच चाकांवर असतं. पण उभ्या चढावर गाडीचा भार मागे सरकतो, नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात आणि खडीवर जागच्या जागी फिरायला लागतात. त्यात साधा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरचा संच, दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. त्यामुळे एक चाक सुट्या खडीवर गरागरा फिरलं की दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळपास काहीच जोर मिळत नाही. नव्या गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या बाजूला वळवतं. त्याने बराच फरक पडतो, पण ओढणारी चाकं शेवटी दोनच.

मी शोरूमवाल्यांना एकच विनंती केली: दोन्ही प्रकारच्या गाड्या आमच्या चढावर, पावसानंतर आणा. ते आधी कां कूं करत होते. मी म्हटलं, गाडी रोज जिथे चढायची तिथे बघितल्याशिवाय मी पैसे भरणार नाही. तिसऱ्या फोनला तयार झाले.

आधी फोर बाय टू. गाडीत आम्ही चौघं, आई पुढे. घळीपर्यंत गाडी छान चढली. तिथे मुद्दाम थांबवली, कारण समोरून कुणी आलं की रोजच थांबावं लागतं. पुन्हा सुटताना उजवं पुढचं चाक फिरलं, खडी उडून खालच्या पत्र्यावर ताडताड वाजली, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकला. गाडी इंच इंच पुढे गेली आणि मग अडलीच. हळूच मागे घेतली आणि न थांबता वेगात चढवली, तेव्हा वर गेली. खरं सांगायचं तर ही हार नव्हती. पण समोरून कुणी येणार नाही, या भरवशावर रोज चढायचं होतं.

मग त्याच मॉडेलची ऑल व्हील. त्याच जागी थांबवली, तेच चौघं. क्षणभर पुढचं चाक सरकल्यासारखं वाटलं, मागून कुणी हात लावावा तशी ढकल आली आणि गाडी निघाली. आई म्हणाली, "अगं, आवाज आला नाही या वेळी." या प्रकारात एरवी ताकद पुढेच असते. पुढची चाकं घसरायला लागली, किंवा घसरतील असं गाडीला वाटलं, की मागच्या बाजूचा अनेक चकत्यांचा क्लच घट्ट होतो आणि मागची चाकंही ओढायला लागतात. चढावर भार असतो तोही मागेच.

ब्रेकचं मात्र मला स्वतः बघायचं होतं. खाली मोकळ्या ओल्या पटांगणात दोन्ही गाड्या 40 च्या वेगाने नेऊन एका खुणेपाशी ब्रेक दाबला. टायर दोन्हींचे सारखे, नवे. दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी थांबल्या. शेजारी बसलेल्या विक्रेत्याने मग ब्रेकचा विषय काढला नाही.

दादासारखी फोर बाय फोर का नाही घेतली? त्यात लो गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) असतो, खोल चिखलात आणि दगडधोंड्यांत त्याला तोड नाही. पण त्या जुन्या पद्धतीत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) एकमेकांना घट्ट जोडला जातो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा घेर घेतात, आणि कोरड्या डांबरावर तो फरक जिरायला जागा नसते. टायर घासतात, यंत्रणेवर ताण येतो. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर ती लावायची नाही. माझा बहुतेक प्रवास डांबराचा आणि शेवटचा तुकडा कच्चा. दिवसातून दोनदा लिव्हर आठवणीने लावणं-काढणं मला नको होतं.

ऑल व्हील घेतली, पण तिची किंमतही नीट समजून घेतली. माझ्या मॉडेलमध्ये वजन 70 किलोने वाढतं, अ‍ॅव्हरेज थोडा कमी होतो. मागच्या डिफरन्शियलचं आणि त्या क्लचचं ऑइल वेळेवर बदलावं लागतं. गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढत न्यायची नाही, चारही चाकं वर घेणारं वाहनच बोलवायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चारही टायर सारखे झिजलेले हवेत. एक टायर फाटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असले, तर नवा-जुना यांचा घेर वेगळा होतो आणि क्लचला सतत तो फरक सोसावा लागतो. मग एकाऐवजी दोन किंवा चारही घ्यावे लागू शकतात. घराजवळ असा चढ नसता तर मी फोर बाय टूच घेतली असती, आणि उरलेल्या पैशांत उत्तम टायर.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चारही टायरच्या खाचा मोजून वहीत लिहिते. पावसाळी दिवशी त्या वळणाच्या उतारावर अजूनही आधीच वेग कमी करते, आणि तिथे आईचा हात समोरच्या डॅशबोर्डवर जातो. चढावर मात्र ती खिडकीतून बाहेर बघत असते.