इम्पोर्टच्या ओळींवरून भांडायचं असेल तर नीट जागी भांडा

इंदूरला आमच्या ओळखीच्या एका मराठी मंडळाची छोटीशी लायब्ररी आहे, तिचं सॉफ्टवेअर आम्ही चार-पाच जण मोकळ्या वेळात लिहितो. जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची तयार चौकट) वापरतो, कुणाला पैसे मिळत नाहीत, त्यामुळे मतं भरपूर. रिटायर झालेले एक काका आहेत ज्यांनी आयुष्यभर सी लिहिलं, एक ताई पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते, आणि कॉलेजातली दोन पोरं आहेत जी रिव्ह्यूमध्ये (दुसऱ्याचा कोड तपासताना) एकमेकांना "भिया ये क्या कर दिया" असं हिंदीतच लिहितात (इंदूरला हे चालायचंच, घरी मराठी आणि भांडण हिंदीत).

तर गेला महिनाभर निम्मे रिव्ह्यू कशात गेले म्हणाल तर इम्पोर्टमध्ये, म्हणजे दुसरीकडचा कोड आपल्या फाइलीत आणणाऱ्या ओळींमध्ये. ही ओळ वर का, ती खाली का, मध्ये रिकामी ओळ का नाही. काका म्हणायचे पेप ८ मध्ये, म्हणजे पायथन कोड कसा लिहावा याच्या अधिकृत नियमांत, अल्फाबेटिकल सांगितलंय. मी उघडून दाखवलं, तसं नाहीये. २००१ पासून ते डॉक्युमेंट आहे आणि त्यात एवढंच म्हटलंय की इम्पोर्ट फाइलच्या वरती ठेवा, आधी स्टँडर्ड लायब्ररी (पायथनसोबतच येणारा कोड), मग बाहेरची पॅकेजेस, मग आपलं स्वतःचं, आणि प्रत्येक गटामध्ये एक रिकामी ओळ. गटाच्या आतल्या क्रमाबद्दल काही नाही. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग म्हणाले, "बरं, मग लांबीप्रमाणे लावू, दिसायला तरी छान दिसतं." आयसॉर्टमध्ये (इम्पोर्ट क्रमाने लावणारं टूल) लेंग्थ सॉर्ट नावाचं सेटिंग खरंच आहे, पण ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

माझं मत सरळ आहे, ओळींचा क्रम हा माणसांनी बोलायचा विषयच नाही. रफ (कोड तपासून दुरुस्त करणारं टूल) लावा, त्यात इम्पोर्ट सॉर्टिंगचे नियम चालू करा, प्री-कमिटमध्ये (बदल नोंदवण्याआधी, म्हणजे कमिटआधी, आपोआप चालणाऱ्या तपासणीत) टाका, विसरा. जो क्रम येईल तो येईल. फक्त एक गोष्ट आधी बघा, टूलला तुमचं स्वतःचं पॅकेज कुठलं ते स्पष्ट सांगा, नाहीतर ते त्याला बाहेरचं समजू शकतं. आमच्याकडे एक पोरगा वेगळ्या फोल्डरमधून टूल चालवायचा, त्याच्याकडे आमचं पॅकेज जँगोच्या रांगेत जाऊन बसायचं आणि ताईकडे खाली यायचं, आणि दर कमिटला त्याच सहा ओळी वर-खाली. भूत लागल्यासारखं. सेटिंगमध्ये एक ओळ टाकली आणि थांबलं.

आणि सगळ्या फाइली पहिल्यांदा फॉरमॅट कराल तो कमिट वेगळा ठेवा, त्यात दुसरं काही घुसवू नका. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) सांगता येतं की हे हे कमिट सोडून दे. नाहीतर पुढे कुठलीही ओळ कोणी लिहिली बघायला जाल तर तुमचंच नाव.

हां, अजून एक. न वापरलेले इम्पोर्ट आपोआप काढायचं चालू केलंत तर जँगोच्या सिग्नलवाल्या (काही घडलं की आपोआप चालणाऱ्या फंक्शनच्या) फाइलीकडे लक्ष ठेवा. ॲप सुरू होताना रेडी फंक्शनमध्ये आपण सिग्नल नुसते इम्पोर्ट करतो, ते नाव पुढे कुठेच वापरत नाही, टूलला वाटतं फालतू आहे, काढून टाकतं. एरर काहीच येत नाही, फक्त सिग्नल वाजायचे बंद. तिथे नोक्यूए (ही ओळ सोड, असं टूलला सांगणारी कॉमेंट) लिहा आणि का लिहिलंय तेही शेजारी लिहा.

आता खरं भांडण. मॉड्यूल (म्हणजे अख्खी पायथन फाइल) आणायचं की त्यातलं एखाद्या क्लासचं किंवा फंक्शनचं नाव आणायचं, यावर जरूर वाद घाला, कारण इथे कोडचं वागणंच बदलतं.

तारीख-वेळेचं डेटटाइम घ्या. पायथनवाल्यांनी मॉड्यूलचं नाव डेटटाइम ठेवलं आणि आतल्या क्लासचंही तेच. आमच्या काही फाइलींत मॉड्यूल आणलेलं, काहींत क्लास. पुस्तक परत करायच्या तारखेचा कोड एका फाइलीतून दुसरीत पेस्ट केला, डेटटाइम डॉट डेट डॉट टुडे, आणि एरर आली की मेथड डिस्क्रिप्टरला टुडे नाही. कारण क्लासमधली डेट ही मेथड आहे, मॉड्यूलमधली डेट हा क्लास. ओळ तीच, अक्षर न् अक्षर तीच, अर्थ वरच्या इम्पोर्टवर अवलंबून. टाइमझोनचं पण तसंच, जँगोचं वेगळं, डेटटाइममधलं वेगळं, आणि एडिटर आपोआप भलतंच आणून देतो. मग टाइमझोन डॉट नाऊ म्हटलं की बोंब.

दुसरं टेस्टचं. दंडाच्या फाइलीत एसएमएस पाठवायचं फंक्शन फ्रॉमने, म्हणजे मॉड्यूल न आणता फक्त ते नाव, थेट आणलेलं होतं. टेस्टमध्ये पोरानं मूळ मॉड्यूलमधलं फंक्शन पॅच केलं (टेस्टपुरतं त्याजागी खोटं बसवलं), पण दंडाच्या फाइलीकडे त्या नावाची स्वतःची चिठ्ठी आधीच होती, ती खऱ्या फंक्शनकडेच बोट दाखवत राहिली. टेस्ट डेटात खरे नंबर होते (का होते, हे वेगळं प्रकरण) आणि रात्री साडेअकराला एका आजोबांना पुस्तक परत करा म्हणून मेसेज गेला. सकाळी मंडळात फोन, "अहो, मी तर पुस्तक नेलंच नाही!" पॅच करायचं ते नाव जिथे वापरलं जातं तिथे, हा नियम आहेच, पण मॉड्यूल आणून त्यावर डॉट लावून हाक मारली असती तर ते दोन्हीकडून चाललं असतं.

गूगलच्या स्टाइल गाइडमध्ये जवळपास हेच आहे, मॉड्यूल आणा, सुटे क्लास-फंक्शन नको, टायपिंगसारखे थोडे अपवाद. आम्ही एवढं कडक नाही घेतलं. जँगोचे मॉडेल, फॉर्म थेट नावाने आणतो कारण सगळे तसंच करतात आणि वाचणाऱ्याला तीच सवय असते. स्टँडर्ड लायब्ररी मात्र मॉड्यूलसकट. त्याच ॲपमधलं असेल तर एका डॉटचं रिलेटिव्ह (म्हणजे याच फोल्डरमधलं), दुसऱ्या ॲपचं पूर्ण नावाने, दोन डॉट दिसले की रिव्ह्यू परत. पेप ८ पूर्ण नावाकडे झुकतं पण डॉटला नाही म्हणत नाही, म्हणून इथे फार ताणलं नाही.

स्टार इम्पोर्टवर (मॉड्यूलमधली सगळी नावं एकदम आणणं) काका अडून बसले होते, त्यांना सीच्या हेडरची सवय. त्यांच्याच लॅपटॉपवर ओएस मॉड्यूलमधून स्टार आणलं आणि म्हटलं, काका आता एक फाइल उघडा. ओपनला नाव आणि वाचायचं म्हणून आर दिलं, तर म्हणे स्ट्रिंगचा इंटिजर होत नाही. ओएसचं ओपन येऊन पायथनच्या ओपनवर बसलं होतं, आणि ते फ्लॅग आकड्यात मागतं. स्टार म्हणजे अख्खी वरात घरात घ्यायची आणि नवरा कोणता ते नंतर शोधायचं. काका हसले, म्हणाले, "ठीक आहे, तुमचं चालू द्या." पायथनच्या ट्यूटोरियलमध्ये ओएसबद्दल हीच ताकीद दिलेली आहे, पण वाचून कोण ऐकतं.

राहिलं एकच, फंक्शनच्या आत केलेले इम्पोर्ट. सभासद आणि दंड या दोन ॲप एकमेकांना आणतात, वर लिहिलं की अर्धवट सुरू झालेल्या मॉड्यूलची एरर येते, म्हणून कोणीतरी आत ढकललंय. ताई म्हणते चालेल, वर कॉमेंट लिहा. मला वाटतं दंडाचा हिशोब तिसऱ्या ठिकाणी काढला पाहिजे, हे इम्पोर्टचं दुखणं नाहीच. ठरलेलं नाही अजून, रविवारी ताईच्या घरी पोहे खाताना बसतोय, तोवर तो इश्यू उघडाच आहे.