डेनिम म्हणजे नीम गावचं

पैठणची ती पैठणी, हे कुणी आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. डेनिमचंपण तसंच आहे, फक्त इंग्रजांनी नावाचं असं काही भजं केलंय की गाव ओळखूच येत नाही. दक्षिण फ्रान्समधे नीम नावाचं शहर आहे (कडुलिंबाचा काही संबंध नाही हां), तिथल्या कापडाला म्हणायचे 'सर्ज द नीम', म्हणजे नीमचं सर्ज (सर्ज म्हणजे तिरक्या विणीचं कापड). इंग्लंडात पोचेपर्यंत सर्ज गळलं आणि 'द नीम' एकत्र चिकटून झालं डेनिम! आता खरी गंमत अशी की ते मूळ सर्ज लोकरीचं असायचं आणि आपलं डेनिम सुती, त्यामुळे नाव नीमचं असलं तरी कापडपण तिथलंच का, यावर अभ्यासक अजून भांडतायत. मला विचाराल तर कापडवाल्यांनी फ्रेंच नाव लावून भाव वाढवला असणार, आजही तेच चालतं की.

जीन्सची पण तीच कथा. इटलीतल्या जिनोआ बंदराचं फ्रेंच नाव जेन, त्यावरून जीन.

एकदा जीन्सचा पाय उलटा दुमडून बघा, आतून पांढरट दिसेल. उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे तसेच पांढरे, आणि आडवा धागा साधारण तीन उभ्या धाग्यांखालून जाऊन एकावरून वर येतो, म्हणून बाहेरून निळं दिसतं आणि त्या तिरक्या रेघा पडतात. शिवाय नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जातच नाही, वरवर बसते, म्हणून गुडघ्यावर घासून घासून पांढरं पडतं. आणि त्याचे लोक जास्त पैसे देतात, काय बोलणार!

खिशाच्या कोपऱ्यावरच्या तांब्याच्या रिव्हेटचं (शिवण उसवू नये म्हणून ठोकलेल्या बटणासारख्या खिळ्याचं) पेटंट १८७३ चं, जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची आयडिया आणि लेव्ही स्ट्रॉस नावाच्या कापड व्यापाऱ्याचा पैसा. ते सगळ्यांना माहीतच असतं.

पण डंगरी? लहान पोरांना घालतो ती, पट्ट्यांची? तो शब्द फ्रेंच बिंच काही नाही, आपल्या मुंबईतल्या डोंगरीचा! तिथं मिळणारं जाडंभरडं स्वस्त सुती कापड इंग्रज घेऊन गेले, खलाशांचे कपडे शिवले, आणि शब्द सतराव्या शतकातच इंग्रजीत घुसला. अमेरिकेत डंगरीज म्हणजे साध्या जीन्सच, पट्टेवाला अर्थ ब्रिटिशांचा, आणि आपण आपलाच शब्द त्यांच्याकडून त्यांच्या अर्थासकट परत घेतला.