देऊन ठेवलेलं

वाळूज मागे पडेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. गुरुवारी पहाटे साडेचारला चर्चच्या आवारातून निघालो. झेंडा पुढे, सामानाचा टेम्पो मागे, मध्ये आम्ही साठेक माणसं. उजाडता उजाडता एमआयडीसी लागली. पहिल्या पाळीच्या बसेस आत वळत होत्या. ज्या गेटमधून हे अठरा वर्षं आतबाहेर करत होते ते जवळ आलं, तशी मी मान खाली घालून बुटाच्या नाड्या बघत चालले. अठरा वर्षं, पण कागदावर दर सात महिन्यांनी नवीन माणूस. त्यामुळे फेब्रुवारीत ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हा कंपनीच्या लेखी ह्यांची नोकरी चार महिन्यांची होती.

नमो मरिये म्हणायला तोंड उघडलं आणि मनात शिवी आली. खरं तेच लिहिते.

हरेगावला, मतमाउलीच्या म्हणजे मरियामातेच्या यात्रेला, मला नणंदेनं पाठवलं. "वहिनी, तू जा. चार दिवस दादाकडे मी बघते. मतमाउलीला सांगून ये." लहानपणी मी आईबरोबर एसटीनं जायचे, यात्रेतला पाळणा आणि शेव-रेवडीपुरती. 1949 पासून भरते ही यात्रा, सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी, आणि आमच्याकडच्या कुठल्याही घरात 'हरेगावला बोलले होते' असा एखादा नवस निघतोच. पायी मात्र पहिल्यांदाच. आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं, तेही ठरलेलं होतं: ह्यांचा उजवा हात. पाय राहू दे, बोलणं राहू दे, हात दे. एवढंच मागायचं असं पाठ करून निघाले होते.

शांती वगैरे मी मागणार नव्हते. त्या शब्दाचा मला तेव्हा रागच यायचा. सहा महिने जो भेटायला येई तो "प्रभू तुम्हाला शांती देवो" म्हणून चहा पिऊन जाई. रात्री अडीचला माझा डोळा उघडायचा तो उघडायचाच. फिजिओथेरपीवाल्याचे पैसे, पतपेढीचा हप्ता, पोरीची नर्सिंगची फी. माळ हातात घेतली तर तिसऱ्या मण्यापाशी प्रार्थनेचा हिशेब व्हायचा. एकोणसाठ मणी आणि एकोणसाठ आकडे.

चालताना माळेचा एक उपयोग मात्र कळला. एक माळ पुरी झाली की दीडेक किलोमीटर सरतो. मैलाचे दगड बघायची गरज नाही. माळ म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, म्हणजे रहस्यं, वारानुसार मनात धरायची असतात. गुरुवार असल्यामुळे प्रकाशाची रहस्यं होती, त्यावरून आमच्यातल्या आत्याबाई रुसल्या. त्यांना लहानपणी तीनच प्रकारची शिकवलेली, आनंदाची, दुःखाची, गौरवाची. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही पाच घातली, त्याला वीस वर्षं उलटून गेली, तरी आत्याबाईंना ती अजून पाहुणीच वाटतात. बाकीचे काना गावच्या लग्नाचं रहस्य म्हणत होते आणि त्या मोठ्यानं, एकट्याच, गब्रिएल दूताचा निरोप म्हणत होत्या. मला हसू आलं. फेब्रुवारीपासूनचं पहिलं असावं.

लिंबे जळगाव, दहेगाव बंगला, ढोरेगाव. यात्रा त्या वर्षी गणपतीत आली होती, त्यामुळे प्रत्येक गावात मांडव आणि प्रत्येक मांडवाला स्पीकर. आमच्या टेम्पोवरही होता आणि त्यात तीनच गाणी होती. दुपारपर्यंत मला तिन्ही नकोशी झाली. एका मंडळाच्या पोरांनी आपलं गाणं बंद करून आम्हाला चहा दिला, आमच्या टेम्पोवाल्याला मात्र आपलं बंद करायचं सुचलं नाही. शिवाय एक गृहस्थ माझ्या बरोबरीनं चालत होते. त्यांचं म्हणणं, आजार लांबतो तो विश्वास कमी पडला म्हणून. त्यांनी हे ढोरेगावपर्यंत चार प्रकारांनी सांगितलं. पाचव्यांदा सुरू झाले तेव्हा मी नाडी बांधायच्या निमित्तानं बसले आणि ते दिसेनासे होईपर्यंत उठलेच नाही.

दुसऱ्या दिवशी कायगावच्या पुलावर सगळे थांबले. नाथसागराचा फुगवटा इथवर भरला होता, गोदावरी अगदी समुद्रासारखी. फोटो झाले. प्रवरासंगमही झाला. मला काही दिसत नव्हतं, कारण सगळं लक्ष डाव्या टाचेत होतं.

बूट पोरीचे होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी घेतलेले, तिला घट्ट होतात म्हणून पडून होते. मलाही घट्टच होते, पण नवे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर ते बरोबर बसतात असं मी स्वतःला पटवलं होतं. सकाळच्या सरीत मोजे भिजले. अकरापर्यंत टाचेला चटके, बारापर्यंत रुपयाएवढा फोड, आणि त्यानंतर प्रत्येक पावलाला वाटायचं की बुटात कुणीतरी निखारा टाकलाय. टेम्पोत बसायचं नाही, असं बोलून निघालेली. नवसाचा मला तेवढाच भाग जमण्यासारखा वाटत होता. मंडळी पुढे गेली. स्पीकर हळूहळू लहान झाला, मग ऐकू येईना. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं. मग वाटलं, कुणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नेवासा फाट्याच्या अलीकडे एका लिंबाखाली बसले. बूट काढायचा धीर होत नव्हता. शुक्रवार, दुःखाची रहस्यं. ख्रिस्त क्रूस वाहतो, हे चौथं, तिथेच माळ अडकली होती.

शेतातून एक म्हातारी आली. डोक्यावर गवताचा भारा, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलानं माखलेले. भारा तिनं धप्पकन माझ्या शेजारी टाकला.

"कुठली गं दिंडी?"

"हरेगावची, आजी."

"मतमाउलीची व्हय. काढ बूट."

मी काढेना तर तिनंच माझा पाय ओढून मांडीवर घेतला. माझा पाय, तसा घाण, ओल्या मोज्याचा वास मारणारा. मोजा सोलून काढला आणि "अरारा" म्हणाली, पण अशा आवाजात की जणू दूध उतू गेलंय, फार काही नाही. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. पोलक्याला सेफ्टी पिनांचा झुबका, त्यातच सुई. कमरेच्या पिशवीतून काडेपेटी काढून सुईचं टोक काळं होईपर्यंत जाळलं, पदराला पुसलं. पदराच्याच फाटक्या कडेचा एक दोरा ओढून काढला आणि पहिल्याच खेपेला ओवला. मला चष्मा लावूनही जमत नाही.

"फोडायचा नस्तो. फोडला की कातडं जातं आन् मग चालता येत नाही. ववायचा अस्तो."

सुई फोडाच्या एका कडेनं आत गेली आणि दुसऱ्या कडेनं बाहेर आली. मी डोळे मिटले होते, पण दुखलंच नाही. उघडून पाहिलं तर दोरा आत ठेवून तिनं दोन्ही टोकं दातानं तोडली होती आणि त्या टोकांवरून पाणी थेंबथेंब गळत होतं.

"पंढरीला समदे असंच करत्यात. दोरा वढून काढू नको. कोरडा झाला की आपसूक गळंल."

मग तिनं विचारलं नाही, तरी मीच सगळं सांगितलं. फेब्रुवारी, हॉस्पिटल, कंपनी, हप्ता, हात. कुणाला सांगताना एरवी मी रडते, तेव्हा नाही रडले. तिला माझी दया आली असंही दिसत नव्हतं.

"हात हालतो का?"

"नाही."

"जेवतो का?"

"मी भरवते."

"म्हंजे जेवतोय."

मला राग आला. इतका की पाय ओढून घेणार होते. तेवढ्यात तिनं माझ्या मनगटाला गुंडाळलेली माळ बोटानं उचलून पाहिली. "मणी किती?"

"एकोणसाठ."

"माझ्या जपाच्या माळंत एकशेआठ." थोडं थांबून म्हणाली, "तू बी माळकरीच की मग. म्हन तुझं काय ऱ्हायलंय ते. पानी गळंस्तवर बसावं लागंल."

मी चौथं रहस्य म्हटलं. दहा नमो मरिये. ती शेजारी बसून आपलं काहीतरी पुटपुटत होती, टाळ नसताना बोटांनी ताल धरून. माझे दहा मणी झाले आणि मधे एकही आकडा आला नाही, हे मला नंतर, चालायला लागल्यावर लक्षात आलं.

उठताना म्हणाली, "जरा हात लाव." भारा एकटीला डोक्यावर घेता येत नव्हता. आम्ही दोघींनी उचलला. ओल्या गवताचा तो भारा इतका जड होता की मला शब्द सुचेना. हे वजन डोक्यावर असताना ही बाई थांबली होती. ख्रिस्ताचा क्रूस उचलणारा कुरेनेकर शिमोनही शेतावरूनच येत होता, पण त्याला तरी शिपायांनी वेठीस धरलं होतं. नाव विचारायचं राहिलं. तिनंही माझं विचारलं नाही.

नेवाशाला पोचले तेव्हा अंधार पडला होता. ज्ञानोबा जिथे टेकून बसले तो खांब पुढे एक किलोमीटरवर आहे म्हणे, कुणात बघून यायचं त्राण नव्हतं. एका शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या. खिचडी खाल्ली आणि पाऊस सुरू झाला. पत्र्याचं छप्पर. आमच्याबरोबरच्या ब्रदरनं टॉर्च धरून बायबलमधल्या योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं येशूचं बोलणं वाचलं, पावसामुळे ओरडूनच वाचावं लागलं: "मी तुम्हांस शांती देऊन ठेवतो, मी आपली शांती तुम्हांस देतो, जसे जग देते तसे मी तुम्हांस देत नाही."

हे वचन मी शंभरदा ऐकलंय. आमच्या जुन्या घरात ते फ्रेम करून लावलेलं होतं, त्यावर पाल बसायची. पण त्या रात्री 'देऊन ठेवतो' या दोन शब्दांवर मी अडकले. नुसतं देतो नाही, देऊन ठेवतो. माझी आई पहाटे खुरपायला जायची तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो. उठल्यावर टोपल्याखाली भाकरी असायची. आई घरात नाही, भाकरी आहे. त्या रात्री मला वाटलं, हे बोलणारा माणूस जायला निघालेला आहे. उद्या काय होणार ते त्याला माहीत आहे. जेवण झालंय, दगा देणारा यहूदा उठून गेलाय, बाहेर रात्र आहे, आणि हा सांगतोय की ठेवलंय, झाकून ठेवलंय. बाकीच्यांना तेव्हा कुठे ती मिळाली? सगळे पळून गेले. पण ठेवलेलं कुठे जात नाही.

मी झोपले. अडीचला डोळा उघडला, सवयीनं. पाऊस थांबला होता, आत्याबाई घोरत होत्या. हप्ता आठवला, फी आठवली, ह्यांना नणंदेनं कूस बदलून दिली असेल का ते आठवलं. आकडे तेच होते, एक रुपयासुद्धा कमी झाला नव्हता. नुसते येऊन उभे राहिले, बसले नाहीत. टाचेला हात लावला. दोरा अजून होता. मग परत झोप लागली ती ब्रदरनं उठवेपर्यंत.

तेव्हापासून रोज असंच झालंय असं मी म्हणणार नाही. मधे एकदा तीन आठवडे पुन्हा एकोणसाठ आकडे मोजत होते. पण आता तेव्हा असं वाटत नाही की घरात काही नाही. टोपलं उचलायला मी गेले नाही, असं वाटतं.

शनिवारी टाकळीभानपर्यंत ऊन, पुढे दोन्ही बाजूंनी ऊस. विश्वासवाले गृहस्थ पुन्हा भेटले. त्यांचेही दोन्ही पाय फोडांनी भरले होते. मी एका घरातून सुई-दोरा मागितला आणि त्यांचे फोड ओवून दिले. त्या वेळात ते काही बोलले नाहीत, फक्त एकदा "आई गं" म्हणाले. हरेगावला गर्दी, धूळ, चपलांचे ढीग, मेणबत्त्यांची रांग, चेंगराचेंगरीत एका पोराचा फुगा फुटला. मिस्सेची प्रार्थना उघड्यावर. मतमाउलीच्या पुतळ्यासमोर आमच्या मंडळीला दोन मिनिटं मिळाली, मागून स्वयंसेवक "पुढे चला, पुढे चला" करत होता. मी हात जोडले. मेणबत्तीचं मेण मनगटावर पडलं. ते आवडलं. पुढे गेले.

रविवारी रात्री घरी आले. नणंदेनं आंघोळीला पाणी ठेवलं होतं. बूट काढले तर मोज्यात दोरा, सुकलेला, बोटाच्या पेराएवढा.

हे जागे होते. शब्द अजून नीट उमटत नाहीत, पण मला कळतात. विचारलं, "काय मागितलंस?"

तेव्हा मला आठवलं. हात. इतकं पाठ करून गेले होते.

"राहूनच गेलं हो," म्हटलं. "पुढच्या वर्षी मागीन."

हे हसले. अर्ध्या तोंडानं.